खिशातला व्हिडिओ कॅमेरा रोजच्या वापराला घ्यावा का? (बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्यांनी अनुभव सांगा)

मलप्रभाकाठ
नमस्कार मंडळी. खानापुरात हार्डवेअरचं दुकान, गावाकडं थोडी भातशेती आणि व्हिडिओ काढायची जुनी खोड. आजवर सगळं फोनवरच चाललं. पण तो फोन आता माझा राहिलेला नाही. दुकानाचे पैसे त्याच्यावर येतात, ट्रान्सपोर्टवाला त्याच्यावर फोन करतो, पोरीच्या शाळेचा ग्रुप त्याच्यावर. वडिलांचं भजन रंगात आलं की नेमकी सिमेंटची गाडी दारात लागते, फोन वाजतो आणि रेकॉर्डिंग तिथंच तुटतं.

म्हणून खिशात मावेल असा वेगळा कॅमेरा बघतोय. सिनेमा काढायचा नाही. रोपलावणी, घरची कार्यं, एकादशीचं भजन आणि जमलं तर बेळगावच्या शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक, बस. आईनं किंवा पोरीनं उचलला तरी चालवता आला पाहिजे. बजेट वीस हजार, ताणून बावीस.

समोर तीन पर्याय आहेत. ऑनलाइन दिसणारे चार-पाच हजारांचे 'फोर-के' कॅमेरे, २०२४ साली आलेला गोप्रोचा छोटा 'हीरो', आणि ओळखीतल्या एकाकडचा वापरलेला पहिला ऑस्मो पॉकेट (डीजेआय कंपनीचा, छोट्या काठीवर मोटरनं फिरणारं डोकं असलेला). त्याचे तो अकरा हजार म्हणतोय. नवा पॉकेट ३ बजेटच्या दुप्पट जातो, तेव्हा तो सुचवू नका, हात जोडतो.

चिकोडी_एक्सप्रेस
सुचवत नाही, पण तुलनेसाठी त्याचं नाव घ्यावंच लागतं. पॉकेट ३ ऑक्टोबर २०२३ मध्ये आला, अमेरिकेत ५१९ डॉलरला. त्याचा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चिप, १३.२ × ८.८ मिमी आहे. तू म्हणतोस त्या पहिल्या पॉकेटचा, म्हणजे २०१८ सालच्या, साधारण ६.२ × ४.६ मिमी. क्षेत्रफळ चौपट झालं. दिवसा उजेडात दोन्हीचे व्हिडिओ शेजारी ठेवले तर टीव्हीवर घरच्यांना फरक सांगता येणार नाही. रात्री मात्र शेंबडं पोरही सांगेल. जास्तीचे पैसे मुख्यतः त्या अंधारासाठी जातात.

चार-पाच हजारांच्या 'फोर-के'बद्दल: बहुतेकांचा सेन्सर तेवढं चित्र घेतच नाही. कमी रेझोल्यूशनचं चित्र ताणून फाइल मोठी करतात. डब्यावर बारीक अक्षरात कुठंतरी 'इंटरपोलेटेड' लिहिलेलं सापडेल. तपासायला सोपं आहे. भिंतीवर वर्तमानपत्र चिकटव, छोट्या जाहिरातींचं पान. एवढ्या लांब उभा राहा की साध्या १०८०पी मध्ये अक्षरं जेमतेम लागतील. मग तिथूनच फोर-के लावून काढ. अक्षरं अजिबात सुधारली नाहीत तर तो फोर-के कागदावरचाच.

निपाणीकर
सगळ्यांना कॅमेरा विकायची घाई का झालीय? भावा, घरात जुना फोन पडलेला असेल तो काढ. सिम काढून टाक, सगळी ॲप्स उडव, हजार-दीड हजाराचा कॉलर माइक लाव. झाला तुझा कॅमेरा. उरलेल्या पैशात शेताला पाइप घे.

मलप्रभाकाठ
निपाणीकर दादा, जुना फोन आहे, पण त्याची बॅटरी फुगलीय. तसं नसतं तरी चालत चालत काढलं की चित्र हलतं, हीच माझी मुख्य तक्रार. बांधावरून चालताना काढलेलं बघून आई म्हणते, डोकं गरगरतंय, बंद कर.

निपाणीकर
फुगलेली बॅटरी घरात ठेवू नको रे, आधी ती टाकायची सोय कर. बाकी मुद्दा मान्य.

जुना_हँडीकॅम
मला या विषयात जरा जुनं आठवतं. २००७ च्या सुमारास अमेरिकेत 'फ्लिप' नावाचे खिशातले कॅमेरे फार खपले. मेहुण्यांनी येताना एक आणला होता. ६४० × ४८० चं चित्र, दोन पेन्सिल सेल, पाठीमागं एकच लाल बटण, आणि कडेनं खट्कन बाहेर येणारी यूएसबी. मॅन्युअल कुणी उघडलंच नाही. आमच्या सौभाग्यवतींनी आयुष्यात पहिल्यांदा आपणहून व्हिडिओ काढला तो त्याच्यावर. सिस्कोनं ती कंपनी २००९ मध्ये एकूणसाठ कोटी डॉलरला घेतली आणि एप्रिल २०११ मध्ये धंदाच बंद केला. तोवर फोनमध्ये बरे कॅमेरे आले होते.

सांगायचा मुद्दा, तुमच्या मातोश्री वापरणार असतील तर कॅमेरा हातात घेतल्यापासून रेकॉर्डिंग सुरू होईपर्यंत किती गोष्टी कराव्या लागतात ते आधी बघा. आकडे नंतर.

आणि भजनासाठी एक वेगळाच सल्ला. हे खिशातले कॅमेरे सगळे रुंद भिंगाचे, ऑप्टिकल झूम नाही. मंडपात मागच्या रांगेत बसून काढलंत तर बुवा करंगळीएवढे दिसतील. सोनीचा सीएक्स४०५ हँडीकॅम वापरलेला स्वस्तात मिळतो, त्याला ३० पट ऑप्टिकल झूम आहे. बॅटरी सोडून वजन दोनशे ग्रॅमच्या आत. मात्र बाहेरचा माइक लावायला त्याला पिन नाही आणि सेन्सर फारच बारीक, कंदिलाच्या उजेडात काही दिसणार नाही.

मलप्रभाकाठ
काका, भजनात मी वडिलांच्या शेजारीच बसतो, टाळकरी आहे. त्यामुळं झूमचं अडत नाही. मांडी घातलेली, समोर छोटा स्टँड, त्याच्यावर कॅमेरा, असं डोक्यात आहे.

शहापूरची_सून
मी साड्यांचे व्हिडिओ काढते, रोज. गिऱ्हाइकं व्हॉट्सॲपवर बघतात आणि तिथंच ऑर्डर देतात. त्यामुळं माझा अनुभव घरगुती आणि धंद्याचा मिळून आहे. माझ्याकडं पॉकेट २ आहे. तोही लहान सेन्सरचाच म्हणायचा, पहिल्यापेक्षा किंचित मोठा.

तुम्ही कोणताही घ्या, दोन सेटिंगं पहिल्याच दिवशी करून ठेवा. पहिलं, ५० हर्ट्झचं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूब आणि बरेचसे एलईडी सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात. कॅमेरा ६० वर असेल तर चित्रात काळपट पट्टे सरकत राहतात. मेन्यूत ५० निवडा, फ्रेम २५ किंवा ५० ठेवा, शटर हातानं लावता येत असेल तर १/५० किंवा १/१००.

दुसरं व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाप्रमाणे रंग जुळवून घेणं. ते ऑटोवर ठेवलं की मी जांभळी साडी उलगडली रे उलगडली की कॅमेरा अख्ख्या खोलीचा रंग बदलून टाकतो. भिंत पिवळट होते आणि साडी निळी. मग बाई म्हणणार, फोटोत निळी होती, ही जांभळी का पाठवली. आता दुकानाच्या उजेडाला एकदा आकडा लावून तो कायम ठेवलाय. घरात भजन काढताना हे लागेलच. भगवी पताका मध्ये आली की चेहरे हिरवट होतात, बघा.

शेतात चिखलात नेणार असाल तर मात्र पॉकेटवाले कुठलेच नकोत. पाणी आणि धूळ दोन्ही सोसत नाहीत. डोकं फिरतं ना, त्या सांध्यात जाऊन बसते.

झांजपथक
मिरवणुकीचं मी सांगतो, कारण आम्ही आतनं बघतोय. वैशाखातली आपली मिरवणूक रात्रभर चालते. उजेड कसा असतोय सांगू? मारुती गल्लीत चित्ररथावर फोकस, त्याच्या पुढं दहा पावलांवर काळोख, आणि मधूनच एलईडीची भिंत. लहान सेन्सरवाला कॅमेरा गडबडतोच. फोकस पडलेला चेहरा पांढराफटक, मागचं पब्लिक काळं. रामदेव गल्लीत तर माणसाला माणूस चिकटलेला, हात वर करून काढायचं म्हटलं तरी कोपर हलवायला जागा नाही.

पण खरी बोंब आवाजाची हाय की. चित्र लोक चालवून घेतात, आवाज फाटला की पुढं ढकलतात. ढोल जवळनं वाजला की माइकच भरून जातोय. कॅमेरा ऑटो लेव्हलवर असला तर ठोक्यासरशी सगळा आवाज खाली दाबतोय, मग हळूहळू वर आणतोय, परत ठोका, परत खाली. झांज कुठं ऐकूच येत नाही. उपाय एकच, लेव्हल हातानं लाव. सगळ्यात मोठा ठोका आवाजाच्या मीटरवर -६ ते -१२ डीबीच्या मध्ये बसला पाहिजे. ते जमत नसेल तर लांब उभारून घे. एकदा फाटलेला आवाज कुठल्याच ॲपनं नीट होत नाही.

चिकोडी_एक्सप्रेस
झांजपथकला पूर्ण अनुमोदन. गोप्रो हीरोचंही सांगून टाकतो. ८६ ग्रॅम, पाच मीटरपर्यंत पाण्यात चालतो, त्यामुळं रोपलावणीला तोच. फोर-के सेकंदाला ३० फ्रेमपर्यंत. निघाला तेव्हा १९९ डॉलर होता. पण त्यात एक खोच आहे. हलणं थोपवायचं काम कॅमेऱ्यात होत नाही, नंतर फोनवरच्या गोप्रोच्या क्विक ॲपमध्ये होतं. म्हणजे प्रत्येक क्लिप आधी फोनमध्ये घ्यायची. तुझा फोन रिकामा नाही म्हणून तू कॅमेरा घेतोयस, आणि हा परत फोनकडंच पाठवतो. बॅटरीही आत बंद, बदलता येत नाही.

शिवाय सॉफ्टवेअरनं थोपवलेलं हलणं रात्री उघडं पडतं. उजेड कमी म्हणून शटर जास्त वेळ उघडं राहतं, त्या वेळेत चित्र पुसलं जातं, आणि फ्रेम स्थिर केली तरी ते पुसलेपण राहतं. पॉकेटमध्ये भिंगच मोटरवर तरंगतं, म्हणून तिथं हा त्रास कमी.

मलप्रभाकाठ
तो वापरलेला पॉकेट मालकानं वापरून बघायला दिला. भजनात, दुकानात, शेताच्या वाटेवर सगळीकडं फिरवला. जे दिसलं ते लिहितो.

आकार खरंच खिशातला. ११६ ग्रॅम, शर्टाच्या खिशात घातला तर खिसा लोंबत नाही. चालू केला की डोकं एकदा डावीकडं-उजवीकडं वळून सरळ होतं आणि तयार. पोरीनं लगेच 'मान हलवतोय बघ' म्हणून नाव ठेवलं. आईला लाल बटण दाखवलं, ते तिला जमलं. स्क्रीन मात्र तिच्यासाठी नाही. इंचभराचा चौकोन, त्यात चार बाजूंनी बोट ओढून मेन्यू. माझं बोट दुकानातल्या ऑइलपेंटनं राठ झालेलं, ते त्याला अर्धा वेळ कळतच नव्हतं. म्हणून सेटिंग मीच करून ठेवायची आणि आईनं फक्त बटण दाबायचं, असं ठरलंय.

चालताना: डावं-उजवं हलणं, हाताची थरथर, सगळं गायब. पण पाऊल टाकताना अंग जे वरखाली होतं ते तसंच राहतं. घाटाच्या पायऱ्या उतरताना जास्तच दिसलं. गुडघे थोडे वाकवून चाललं तर कमी होतं, पण बांधावर कोण तसं चालणार. फोनपेक्षा मात्र कितीतरी बरं, आईनं अख्खा व्हिडिओ बघितला.

भजन: घरात दोन ट्यूब, ५० हर्ट्झ लावलं, पट्टे नाहीत. शहापूरच्या वहिनींचं ऐकून व्हाइट बॅलन्स बांधून टाकला. पेटी आणि वडिलांचा आवाज मोकळा आला. पखवाजाच्या धुमाला आवाज थोडा दबतो. टाळ माझ्याच हातात, आणि कॅमेरा माझ्याच पुढ्यात, त्यामुळं रेकॉर्डिंगभर माझेच टाळ. पुढच्या वेळी स्टँड समोरच्या बाजूला, पेटीजवळ.

रात्र: अंगणात एका बल्बच्या उजेडात काढलं. दाणे दाणे. चेहरे ओळखू येतात, पण मागचा गोठा नुसता काळा ठिपकेदार. करंट गेल्यावर तर विषयच नको.

बॅटरी १०८०पी ला बरी टिकली. कंपनीचा आकडा नव्या बॅटरीचा १४० मिनिटांचा आहे. जुन्याकडून तेवढी अपेक्षा नव्हतीच, पण भजन मध्ये न थांबता पुरं झालं. पॉवर बँक लावून चालवता येतो हे चांगलं.

जुना_हँडीकॅम
उत्तम लिहिलंत. एक विचारतो, फाइली पुढं कशात बघता? आमच्याकडं जुना लॅपटॉप आहे, त्यात नव्या कॅमेऱ्यांचे व्हिडिओ अडकत अडकत चालतात.

चिकोडी_एक्सप्रेस
काका, ते बहुतेक एच.२६५ मुळं, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवायच्या नव्या पद्धतीमुळं. नव्या कॅमेऱ्यांत जागा वाचवायला तो वापरतात आणि जुन्या प्रोसेसरला तो झेपत नाही. पहिला पॉकेट एच.२६४ मध्ये लिहितो, कुठल्याही लॅपटॉपवर चालेल. या बाबतीत जुना असण्याचा फायदाच.

जागेचा हिशेब मात्र करा. फोर-के १०० मेगाबिटनं काढलं तर सेकंदाला १२.५ एमबी, तासाला ४५ जीबी. ६४ जीबीचं कार्ड दीड तासाच्या आत आटोपलं. दोन तासांचं भजन फोर-के मध्ये काढून करायचंय काय? १०८०पी ठेवा, २५ फ्रेम. कार्ड व्ही३० खुणेचं पुरे, त्याचा अर्थ सेकंदाला किमान ३० एमबी लिहिणार. आणि ३२ जीबी किंवा लहान कार्ड फॅट३२ या जुन्या मांडणीत असतं, त्यात एक फाइल ४ जीबीच्या वर जात नाही, म्हणून लांब व्हिडिओचे तुकडे पडतात. घाबरू नका, जोडता येतात.

शहापूरची_सून
कार्ड घेताना बिल घ्या आणि घरी येऊन एच२टेस्टडब्ल्यू नावाचा फुकट प्रोग्रॅम चालवा. अख्खं कार्ड भरून परत वाचून बघतो. मला एका दुकानातून १२८ म्हणून मिळालेलं कार्ड त्यात ३२ च्या पुढं कचरा निघालं. सणाच्या तोंडावर हे कळलं असतं तर रडायची वेळ होती.

नातेवाइकांना व्हिडिओ पाठवताना व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंत जातो आणि चित्र दाबलं जात नाही. नेहमीसारखा पाठवलात तर एवढं सगळं करून शेवटी चिखलच बघणार ते.

निपाणीकर
माझा जुन्या फोनचा मुद्दा मी सोडलेला नाही, पण माहिती चांगली जमतेय. वापरलेला घेताय तर या गोष्टी बघा. डोकं सुरू होताना घरघर येते का. हातात धरून कॅमेरा सगळ्या बाजूंनी वाकवायचा, क्षितिज सरळ राहतं का बघायचं. एका बाजूला कललेलं राहिलं तर मोटर किंवा कॅलिब्रेशन गेलंय. भिंगात टॉर्च मारून बुरशीचे धागे दिसतात का. आपल्याकडच्या पावसात हे फार होतं. आणि मालकाच्या फोनवर एकदा ॲक्टिव्हेट केलेला आहे ना, ते विचारा.

दुरुस्तीचं विसरा. निपाणीत नाही, बेळगावात नाही. कुरिअरनं मोठ्या शहरात पाठवायचा आणि वाट बघायची. म्हणून किंमत पाडून माग. २०१८ चं मॉडेल आहे, अकरा हजार जास्त होतात.

झांजपथक
अजून एक. बेळगावात कॅम्प भागात हा खेळ काढू नका. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे तिथं. फोन हातात असला तर कुणी बघत नाही, पण मान फिरवणारी काठी बघितली की शिपाई विचारणारच. बरोबरच आहे त्याचं. बाजारात पण तेच, गणपत गल्लीत भाजीवाल्या मावशीला विचारून काढायचं. विचारलं की हसून पदर सारखा करतात, नाही विचारलं की पुढचं ऐकून घ्यायचं.

मलप्रभाकाठ
विचारणाऱ्यांसाठी: साडेनऊ हजाराला ठरला. निपाणीकर दादा, घरघर नाही, क्षितिज सरळ, भिंग स्वच्छ. टॉर्च मारताना मालक जरा नाराज झाला खरा.

मिरवणूक यादीतून काढून टाकली. ती काढणारे बेळगावात शेकडो आहेत, माझ्याकडून दाणेदार काळोख बघायला कोण बसलंय. रोपलावणीला पाऊस नसेल त्या दिवशी नेणार, नाहीतर नाही. पावसाळाभर हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवायचा, बुटांच्या खोक्यातल्या पुड्या दुकानात साठवलेल्याच आहेत.

माझ्या बाजूनं हिशेब असा की जे विकत घेतलं ते चित्र नव्हे. चित्र फोनचंही जवळपास तेवढंच आहे, रात्री तर फोनचंच बरं. विकत घेतलं ते फोनपासून सुटं असणं आणि चालताना न हलणं. ही दोन कारणं ज्याला नाहीत त्यानं निपाणीकर दादांचं ऐकावं.

आता अडलंय ते माइकचं. या पॉकेटला बाहेरचा माइक लावायचा तर ३.५ मिमीचा ॲडॉप्टर लागतो, आणि कुठलाही टाइप-सीचा चालत नाही म्हणतात. कुणाकडं कंपनीचा पडून आहे का?

निपाणीकर
बघ, मी म्हणालो होतो, माइकवर येऊन थांबणार.

झांजपथक
आमच्या पथकातल्या एकाकडं आहे, त्याचा कॅमेरा पाण्यात पडला, ॲडॉप्टर तेवढा राहिलाय. विचारून सांगतो. रविवारी बेळगावात येणार असलास तर कॅमेरा घेऊनच ये, लावून आवाज ऐकू, मगच पैसे दे.

मलप्रभाकाठ
येतो की. दुपारी दुकान बंद करून निघतो. माझा माइक पण आणतो, दोन काळ्या रेघांच्या पिनचा आहे, तो चालतोय का तीनवाला लागतोय ते तिथंच कळेल.

चिकोडी_एक्सप्रेस
कॅमेऱ्याला दोन रेघांचाच लागतो. तीन रेघांचा फोनचा. दोन्ही घेऊन जा.